मटका मागे ठेवून: सोलापुरात पोपटांच्या सात जोड्यांना नवी घरं शोधताना

जून २०२४ च्या पहिल्या आठवड्यात गच्चीवरची पक्ष्यांची खोली रिकामी करायचं ठरलं. नव्या घराला गच्ची नाही, एवढंच कारण. कॉकटेलच्या तीन जोड्या (खरा उच्चार कॉकटिएल, पण बाजारात कॉकटेलच म्हणतात), पीचफेस लव्हबर्डच्या दोन, ग्रीन चीक कोन्यूरची एक आणि सन कोन्यूरची एक, असे चौदा पक्षी होते. दोन आठवड्यांत काम उरकेल असा अंदाज होता. शेवटची जोडी १६ फेब्रुवारी २०२५ ला गेली. म्हणजे आठ महिने.

खरं तर अंडी-पिल्लं देणारी जोडी विकायला एक संध्याकाळ पुरते. 'चालू जोडी आहे' एवढं कळलं की फोन थांबत नाही. अडचण नेमकी तिथेच आहे. चालू जोडी मागणारा बहुतेक वेळा पक्षी नाही, मटका (अंडी घालायला पिंजऱ्यात टांगतात ते मडकं) विकत घेत असतो. जोडी घरी नेली की त्याच रात्री मटका टांगतो. नव्या जागेला बिचकलेली, अर्धपोटी मादी त्यात शिरते, अंडी घालते, आणि दोन-तीन खेपांत कॅल्शियम संपून बसते. म्हणून सुरुवातीलाच एक नियम केला: जोडी द्यायची, मटका द्यायचा नाही, आणि नव्या घरीही किमान तीन महिने मटका लावायचा नाही. पुढचं सगळं या एका नियमाच्या आजूबाजूला फिरलं. नकार आले तेही याच्यामुळे, चांगली घरं मिळाली तीही याच्यामुळे.

१५ जूनची स्थिती अशी होती. कॉकटेलची एक जोडी चार पिल्लांवर, दुसरी पाच अंड्यांवर, तिसरी मोकळी. लव्हबर्डच्या एका मटक्यात नऊ अंडी, दुसरा रिकामा. दोन्ही कोन्यूर जोड्या मोकळ्या.

अंड्यांवरच्या जोडीचा मटका सरळ काढून टाकावा असा मोह होतो. तसं केलं की मादी आठ-दहा दिवसांत पिंजऱ्याच्या तळावर नवी अंडी घालायला लागते, म्हणजे तिचा खर्च दुप्पट. त्यापेक्षा तिला बसू द्यावं. त्या पाचांतलं शेवटचं अंडं दोनच दिवसांपूर्वीचं होतं. पाचही अंडी उकळली, पूर्ण गार केली, पेन्सिलीने खूण केली आणि परत ठेवली. उकळताना तडा गेलेलं अंडं सडतं, ते ठेवायचं नाही. प्लॅस्टिकची नकली अंडी मिळाली तर उत्तमच. कॉकटेलमध्ये दिवसा नर बसतो, रात्री मादी. अठरा ते एकवीस दिवसांत पिल्लू बाहेर यायला हवं. ते आलं नाही म्हणून दोघांचं मन हळूहळू उडालं. चोविसाव्या दिवशी दोघंही दिवसभर बाहेर दिसली, तेव्हा मटका उतरवला.

नुसता मटका उतरवून भागत नाही. पक्ष्याला हंगाम कळतो तो उजेडावरून आणि मऊ, ओल्या खाण्यावरून. खोलीतला दिवा रात्री साडेनऊपर्यंत चालू असायचा, तो बंद केला. दहा तासांच्या वर उजेड द्यायचा नाही. अंड्याचा चुरा, भिजवलेलं धान्य, मोड आलेले मूग पूर्ण थांबवले. कोरडा राळा, बाजरी, थोडी करडई आणि पालेभाजी एवढंच ठेवलं. पिंजरे एकमेकांच्या जागी हलवले, दांड्या बदलल्या. तरीही एक मादी खाण्याच्या वाटीत बसून अंगाने गोल फिरत जागा करायची. तिची वाटी पसरट थाळीने बदलली, तळाची जाळी वर उचलली, मग ती थांबली.

लव्हबर्डचं प्रकरण मात्र वेगळं निघालं. पीचफेस मादी वर्तमानपत्राच्या कडेला चोच लावून शिवणयंत्रासारखी बारीक भोकं पाडत जाते, सरळ, एकसारख्या रुंदीची पट्टी काढते आणि ती कमरेच्या पिसांत खोचून मटक्यात नेते. फिशर जातीची मादी चोचीतून नेते, हा दोघींतला ओळखीचा फरक. त्या नऊ अंड्यांच्या जोडीत दोघंही पट्ट्या खोचत होते. नर कधीमधी तसा प्रयत्न करतो, पण पट्ट्या गळून पडतात. इथे दोघांच्याही पाठीवर झाडूसारखा गठ्ठा. एका खेपेला चार ते सहा अंडी नेहमीची. आठ-नऊच्या घरात गेली आणि टॉर्चवर धरल्यावर सगळी कोरी, म्हणजे आत गर्भ नसलेली, दिसली तर दोन माद्या एका मटक्यात आहेत असं समजावं. पुढे डीएनए चाचणीत तेच आलं. दोन वर्षं 'जोडी' म्हणून सांभाळलेल्या त्या दोघी मैत्रिणी होत्या.

पिल्लांवरच्या जोडीला हात लावला नाही. पिल्लं स्वतः दाणा फोडून खायला लागून वजन टिकवेपर्यंत, म्हणजे आठ ते दहा आठवडे, ती आई-बापाकडेच राहिली. ऑगस्टच्या मध्याला मोकळी झाली. दोघं-दोघं अशी ती सप्टेंबरमध्ये ओळखीच्या घरी गेली, सोबत चिठ्ठी: 'भावंडं आहेत, यांची जोडी लावू नका.'

दरम्यान कागदपत्रं. इथे लोकांचा सर्वांत जास्त घोळ होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आपला साधा हिरवा पोपट आणि पहाडी पोपट हे भारतीय वन्यजीव. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे ते पाळणं, विकणं, विकत घेणं बेकायदेशीर. 'फुकट दिला' म्हटल्याने सुटका नाही. अशा पोपटासाठी घर शोधायचंच नसतं, वन विभागाला कळवायचं असतं. महाराष्ट्र वन विभागाची हेल्पलाइन १९२६. आणि हाताने वाढलेला पक्षी आभाळात सोडून देणं ही त्याची सुटका नव्हे. त्याला ना दाणा शोधता येतो, ना शिकरा ओळखता येतो.

परदेशी जातींचा नियम वेगळा. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतल्या जाती आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत आल्या, म्हणजे त्या पाळायच्या तर सरकारकडे नोंदणी लागते. पोपटकुळातले जवळपास सगळे त्यात आहेत. बजी, कॉकटेल, पीचफेस लव्हबर्ड आणि आपला हिरवा पोपट एवढे चारच बाहेर. म्हणून 'साइट्समध्ये नाही, म्हणजे हिरवा पोपट पाळायला मोकळा' असं छातीठोक सांगणारे भेटतात. साइट्समध्ये नसला तरी तो देशी कायद्यात आहे. उलट डोळ्याभोवती पांढरं कडं असलेला फिशर लव्हबर्ड 'लव्हबर्डच तर आहे' म्हणून लोक विनानोंद ठेवतात, तो मात्र साइट्सच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. आफ्रिकन ग्रे जानेवारी २०१७ पासून पहिल्या परिशिष्टात आहे. त्याची पैदास करायची तर नोंदणीबरोबर परवानाही लागतो.

आमच्या चौदांपैकी दहा पक्ष्यांना, म्हणजे कॉकटेल आणि पीचफेस यांना, ही नोंदणी लागत नव्हती. चार कोन्यूरना लागत होती. त्यासाठीचे नियम २८ फेब्रुवारी २०२४ ला निघाले आणि आधीपासून पक्षी असलेल्यांना सहा महिन्यांची, म्हणजे २८ ऑगस्टपर्यंतची मुदत होती. त्यानंतर ताब्यात आलेल्या पक्ष्याची नोंद तीस दिवसांत करायची. अर्ज केंद्र सरकारच्या परिवेश २.० पोर्टलवर भरायचा. तो राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे, म्हणजे आपल्याकडे नागपूरला जातो.

अर्जाला खरा वेळ गेला तो फोटोंत. पायातल्या रिंगवरचे आकडे वाचता येतील असा फोटो हवा. सन कोन्यूर सहा-सात वर्षांचा झाला की ॲल्युमिनियमच्या रिंगवर मळ आणि चोचीचे ओरखडे बसतात. पक्ष्याला जुन्या पंच्यात गुंडाळायचं, डोकं हलकेच झाकायचं, छातीवर अजिबात दाब द्यायचा नाही (पक्षी छाती हलवूनच श्वास घेतो), ओल्या कापसाने रिंग पुसायची आणि दुसऱ्याने सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढायचा. एकट्याने होत नाही. चार पक्ष्यांना दोन सकाळी लागल्या. खरेदीच्या दोन्ही पावत्या सुदैवाने होत्या. पावती नसणाऱ्यांचीच जास्त धावपळ बघितली, तेव्हा पक्षी घेताना साध्या कागदावर का होईना, तारीख, रिंग क्रमांक आणि देणाऱ्याची सही घेऊन ठेवा. ९ ऑगस्टला अर्ज गेला, शुल्क ऑनलाइन भरलं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात नोंदणी हातात आली. मधल्या काळात कोन्यूरबद्दल विचारणाऱ्या प्रत्येकाला 'कागद आल्यावर बोलू' एवढंच उत्तर. त्यांतले निम्मे परत फिरकले नाहीत, तेही बरंच झालं.

सप्टेंबरमध्ये चाचण्या केल्या. कॉकटेलचा नर-मादी फरक डोळ्यांनी कळतो. राखाडी नराचा चेहरा पिवळा धमक होतो, मादीच्या शेपटीच्या खालच्या बाजूला आडवे पट्टे राहतात. लव्हबर्ड आणि कोन्यूरमध्ये नुसत्या नजरेने सांगणारा माणूस अंदाजच सांगत असतो. त्या आठ पक्ष्यांची छातीची पाच-पाच पिसं उपटून डीएनए चाचणीला पाठवली. खाली गळलेलं पीस चालत नाही, मुळाशी ताजा अंश लागतो. प्रत्येकाचं वेगळं पाकीट, त्यावर रिंग क्रमांक, आणि पिसाच्या मुळाला बोट लावायचं नाही. पक्ष्यामागे ३५० रुपये, निकाल नऊ दिवसांत.

याच आठ जणांच्या रोगचाचण्या दोन केल्या. एक पीबीएफडी, म्हणजे चोच-पिसांचा विषाणूजन्य आजार. यावर उपाय नाही आणि वरून धडधाकट दिसणारा पक्षीही तो दुसऱ्याला देतो. दुसरी सिटॅकोसिस. हा जिवाणूचा आजार माणसालाही होतो, ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला येतो, आणि घरात पक्षी आहेत हे डॉक्टरांना सांगितल्याशिवाय तो त्यांच्या ध्यानात येणं अवघड. बाधित पक्षी हा जिवाणू रोज बाहेर टाकत नाही, म्हणून एका दिवसाची विष्ठा पाठवून आलेला 'निगेटिव्ह' फारसा कामाचा नाही. सलग तीन दिवसांची एकत्र करून पाठवली. दोन्ही मिळून पक्ष्यामागे १,०५० रुपये. सगळे निकाल स्वच्छ आले. त्या दिवशी खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं हे खरं. एखादा निकाल 'पॉझिटिव्ह' आला असता तर पुढचा सगळा बेत तिथेच थांबला असता. सिटॅकोसिसवर डॉक्सिसायक्लिनचा कोर्सच पंचेचाळीस दिवसांचा असतो.

कॉकटेलच्या चाचण्या खर्चापायी केल्या नाहीत. ही काटकसर होती, तिचं समर्थन नाही. घेणाऱ्यांना तसं स्पष्ट सांगितलं.

घरं शोधायला सप्टेंबरअखेर सुरुवात केली. फोनवरचा पहिला प्रश्न ऐकला की पुष्कळ कळतं. "अंड्यावर हाय का जोडी?" "वर्षाला किती पिल्लं काढते?" "दोन जोड्या उचलल्या तर काय कमी करताल?" असं विचारणारे वाईट माणसं असतात असं नाही, पण त्यांना हवं ते आपण देणार नसतो. "काय खातात ओ?" असा पहिला प्रश्न विचारणारे पंचवीस-तीस फोनांत चारच निघाले. चौघांपैकी तिघांकडे शेवटी पक्षी गेले.

आपण विचारायचे प्रश्न ठरवून ठेवले होते. पिंजरा केवढा? कॉकटेलच्या जोडीला तीन फूट लांबी तरी हवी. उंची दुय्यम, पक्षी आडवा उडतो. स्वयंपाकघर किती जवळ? नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो आणि माणसाला वासही कळत नाही. रात्री डासांची कॉइल किंवा मशीन लावता का? धूप-अगरबत्ती त्याच खोलीत? छताचा पंखा चालू असताना पक्षी बाहेर काढता का? आधीचे पक्षी आहेत का, आणि असल्यास नव्यांना तीस ते पंचेचाळीस दिवस वेगळ्या खोलीत ठेवायला जागा आहे का? पिण्याच्या पाण्याचा एक प्रश्न सोलापूरसाठी खास. आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं, आणि पक्ष्यांची वाटी त्याच साठवलेल्या पिंपातून भरली जाते. वाटी रोज दोनदा घासून भरणार का, आणि पाणी उकळून गार केलेलं देणार का, हे विचारलं. उन्हाळ्यात शेवाळलेल्या वाटीने जेवढे पक्षी जुलाबाने जातात तेवढे मांजरीने जात नसतील.

अशोक चौकाच्या बाजूच्या एका घरी यंत्रमाग आहेत. खालच्या मजल्यावर दिवसभर खडखडाट. आम्ही नाही म्हणायच्या बेतात होतो. पण एकसारख्या आवाजाला कॉकटेल चार दिवसांत सरावतो, दचकतो तो अचानक आवाजाला. त्या घरातल्या अक्कांनी मटक्याचा नियम ऐकून फक्त एवढंच विचारलं, "मग पावसाळ्यात लावू का?" त्यांना दोन जोड्या दिल्या. उलट एका शांत, मोठ्या फ्लॅटला सन कोन्यूर नाकारले. त्यांची सकाळ-संध्याकाळची किंकाळी तीन मजले ऐकू जाते. पंधरा दिवसांत शेजाऱ्यांची तक्रार आली असती आणि जोडी पुन्हा रस्त्यावर.

फुकट दिले नाहीत. फुकट घेतलेली जोडी पुढच्या आठवड्यात दुप्पट भावाने विकली जाते हा नेहमीचा प्रकार. पिंजऱ्यासकट बाजारभावाच्या साधारण निम्मी रक्कम घेतली. लेखी करार केला: विकायची नाही, सांभाळणं जमलं नाही तर आमच्याकडेच परत, तीन महिने मटका नाही, जोडी तोडायची नाही. शंभरच्या स्टॅम्पवर करायचा विचार होता, पण नेमका ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात शंभरचा जाऊन पाचशेचा आला. मग साध्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या. कोर्टात त्याचं काय व्हायचं ते होवो, सही करताना माणूस दोन मिनिटं थांबून वाचतो, तेवढं पुरे. दोघांनी सही करायचं टाळलं आणि आपणहून मागे हटले.

दोन लव्हबर्ड मैत्रिणींचं काय करायचं हा प्रश्न होता. 'जोडी' म्हणून द्यायच्या नाहीत, आणि वेगळ्याही करायच्या नाहीत. एकमेकींची मान खाजवत झोपणाऱ्या पक्ष्यांना नर आणून देणं म्हणजे भांडण विकत घेणं. पीचफेस माद्या भांडल्या तर बोटं तोडतात. 'अंडी येतील, पिल्लं कधीच येणार नाहीत' असं सांगून विचारलं, तर सर्वांत आधी त्यांनाच घर मिळालं. पिल्लं नकोच असलेली माणसंही असतात, त्यांना कुणी विचारत नाही.

प्रत्येक जोडीबरोबर एक कार्ड दिलं: रिंग क्रमांक, जन्मवर्ष, आई-बापाच्या रिंग, आतापर्यंतच्या खेपा, शेवटची अंडी कधी, सकाळचं उपाशीपोटी वजन, खाणं, खोडी. आई-बापाची रिंग लिहिली नाही तर दोन वर्षांनी कुणीतरी भावंडांचीच जोडी लावतो. कॉकटेलच्या एका पिवळ्या, ल्युटिनो रंगाच्या जोडीच्या कार्डावर लिहिलं होतं की यांच्या पिल्लांच्या तुऱ्यामागे टक्कल पडतं, पुढे जोडी लावताना ल्युटिनोला ल्युटिनो नको.

वाहतुकीची तारीख दिवाळी बघून ठरवली. लक्ष्मीपूजनाच्या फटाक्यांत नवी जागा नको, म्हणून १० नोव्हेंबरपासून सुरुवात. दुसरी मर्यादा गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेची. संक्रांतीच्या या यात्रेत होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, त्या भागातल्या घरी द्यायचं तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतर द्यायचं नाही, म्हणजे पक्ष्याला महिनाभर तरी स्थिरावायला मिळतो. एप्रिल-मे तर विचारातही नको. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत बंद पेटीतला पक्षी चोच उघडून धापा टाकतो, पंख अंगापासून लांब धरतो, आणि तिथून पुढे फार वेळ हातात राहत नाही.

प्रवासाची पेटी लहानच हवी. मोठ्या पिंजऱ्यात पक्षी आपटतो. साधारण फूटभर लांब, पुढे जाळी, तळाला खरखरीत टॉवेल, दांडी नको. पाण्याची वाटी ठेवू नये, सांडून पोट भिजतं. काकडीची जाड फोड ठेवावी. कोन्यूरला प्लॅस्टिकची पातळ पेटी दिली तर बार्शी यायच्या आत तो बाहेर असेल, त्याला लोखंडी जाळीच. वरून पातळ सुती कापड. सोलापुरी चादर नको, ती जाड, आत कोंडतं. सकाळी सहाला निघायचं, एसीचा झोत पेटीवर नको, आणि बसच्या डिकीत कधीच नाही. पेट्या ४५० रुपयांना एक अशा चार घेतल्या आणि त्याच फिरवल्या, प्रत्येक खेपेनंतर धुऊन, उन्हात वाळवून.

ग्रीन चीक पुण्याला गेले, अडीचशे किलोमीटर. दर दोन तासांनी थांबून कापड उचलून बघितलं. वजन निघताना नर ७१ ग्रॅम, मादी ६८. तिसऱ्या दिवशी ६८ आणि ६६. दहा टक्क्यांच्या आत उतरलं तर घाबरायचं नाही, पुढे गेलं तर डॉक्टर. त्यांच्या हस्तांतरणाची नोंद पोर्टलवर दोन्ही बाजूंच्या तपशिलांसह केली. पैसे हातात आले म्हणजे व्यवहार संपला असं कोन्यूरच्या बाबतीत नाही. पुढची पिल्लं आणि मृत्यूही नव्या मालकाला कळवावे लागतात, हे त्याला आधी सांगून ठेवा.

नव्या घरी पहिले दोन दिवस फसवतात ते वाटीमुळे. वाटी भरलेली दिसते, पण वर नुसतं टरफल असतं. फुंकर मारून बघायचं. तळाच्या कागदावर फक्त हिरवं पातळ पाणी दिसलं तर पक्षी खात नाही. कॉकटेलला रात्री अंधारात अचानक भीती बसते, तो पिंजऱ्यात धडधडत आपटतो आणि वाढतं पीस मोडून रक्त येतं. झिरोचा दिवा पहिले दोन आठवडे चालू ठेवायचा. रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर दाबून धरायचं. अशोक चौकातून दुसऱ्याच रात्री अकराला असा फोन आला. दिवा विझला होता. लावल्यावर दोन मिनिटांत शांत. दाणा दहा दिवसांचा सोबत दिला होता, तोच राळा, तीच बाजरी. बदल करायचा तो नंतर, थोडा थोडा मिसळून.

एका घरी मात्र नियम मोडला. तिसरी कॉकटेल जोडी २४ नोव्हेंबरला गेली, आणि आठव्या दिवशी त्यांनी मटका लावला. 'मादी शोधत होती' म्हणे. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात फोन: मादी तळाशी फुगून बसली आहे, शेपूट श्वासागणिक वर-खाली होते. तिसरं अंडं अडकलं होतं. खोक्यात गरम पाण्याची बाटली, ओलसर टॉवेल, तीस अंशांच्या आसपास ऊब, आणि तसंच डॉक्टरांकडे. पोट दाबून अंडं काढायचा प्रयत्न घरी करायचा नाही, आत फुटलं तर मादी जाते. कॅल्शियमचं इंजेक्शन दिल्यावर चार तासांत अंडं आलं, कवच कागदासारखं मऊ. मादी वाचली. जोडी परत आणली, वाद झाला नाही, कराराचा कागद तेव्हा उपयोगी पडला. फेब्रुवारीत ती शेळगीच्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेली.

सन कोन्यूर सर्वांत शेवटी, १६ फेब्रुवारीला, मोहोळच्या बाजूला शेतातल्या घरी गेले. जवळचा शेजारी दोन एकरांवर. एकूण खर्च: डीएनए २,८००, रोगचाचण्या ८,४००, पेट्या १,८००, डॉक्टर १,५००, पेट्रोल-टोल ४,२००. बेरीज १८,७००. जोड्यांच्या रकमेतून तो निघाला, वर फारसं काही उरलं नाही.

चौकशीचे फोन तिसऱ्या दिवशी, पंधराव्या, पंचेचाळिसाव्या, मग सहा महिन्यांनी. बहुतेकांचे तीन महिने मार्चपर्यंत संपले तरी सगळ्यांना मटक्यासाठी पावसाळ्यापर्यंत थांबवलं. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत अंड्यातलं पिल्लू आतच चिकटून मरतं आणि मटक्याची भट्टी होते.

८ जुलै २०२५ ला अशोक चौकातून फोन आला. चार पाऊस झाले होते.

"आता लावू का मटका?"

"पिसं गाळून झाली का? वजन?"

"झाली की. नर ब्याण्णव, मादी पंचाण्णव. समुद्रफेस अर्धा खाल्ला तिनं."

"दोन्ही जोड्यांना एकाच दिवशी लावा, एकाच उंचीवर. नाहीतर वरच्या मटक्यासाठी भांडतील."